खणखणीत, ठणठणीत आणि बद्द

परप्रांती नोकरीस आलेल्या मराठी माणसाची फजिती मोठ्या शब्दांनी सहसा होत नाही. ती लहान शब्दांनी होते. जबलपुरास बदलून आलो त्या पहिल्या हिवाळ्यातील गोष्ट. सकाळपासून आमचे डोके दुखत होते. चेहरा असा का उतरला आहे, असे आमच्या अनुभाग अधिकाऱ्यांनी आपुलकीने विचारले. आम्ही मनातल्या मराठीस हिंदीचा सदरा चढवून उत्तर दिले, "साहब, सवेरे से माथा ठनक रहा है." साहेबांनी हातातील लेखणी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवून विचारले, "किस बिल में?" हिंदीत माथा ठनकतो तो काही काळेबेरे असल्याचा संशय आला म्हणजे, मराठीत डोके ठणकते ते दुखते म्हणून. हा भेद उलगडेपर्यंत समोरचे एक निरुपद्रवी प्रवासभत्त्याचे बिल दोनदा तपासून झाले होते. बिलात काही निघाले नाही. आमचे डोके मात्र दुपारपर्यंत अधिकच ठणकू लागले.

या प्रसंगाचे हसू ओसरल्यावर एक गोष्ट मनात राहिली. दोन्ही भाषांनी शब्द उचलला तो एकाच ठिकाणाहून, धातूवर पडणाऱ्या घावाच्या आवाजातून. एकीने त्यातून इशारा ऐकला, दुसरीने वेदना ऐकली. नाद एकच, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष निराळा.

पुढे काही दिवसांनी आमच्या कन्येच्या इंग्रजीच्या अभ्यासात जोड्या लावण्याचा एक प्रश्न आला. एका बाजूस क्लिंक, क्लँक, क्लँग आणि जिंगल हे शब्द; दुसऱ्या बाजूस नाणी, साखळदंड, लोखंडी दरवाजा आणि किल्ल्यांचा जुडगा. तिने जोड्या बिनचूक लावल्या आणि विचारले, "बाबा, आपल्यात यांना काय म्हणतात?" आम्ही ऐटीत सांगितले, "खणखण." तिने पुन्हा विचारले, "चारही आवाजांना?" आम्ही निरुत्तर झालो. त्याहून वाईट असे की, आम्ही सांगितलेला शब्द तिने वहीत उतरविला तो 'खनखन' असा. महाकोशलातील शाळेत आणि शेजारात वाढणाऱ्या मुलीच्या जिभेवर 'ण'च्या जागी 'न' बसावा, यात तिचा दोष नाही. पण ज्या प्रश्नास आम्ही एका शब्दात उत्तर दिले, त्यास मराठीत खरोखर एकच शब्द आहे काय? हा लेख म्हणजे त्या दिवशी द्यावयाच्या राहिलेल्या उत्तराचा प्रयत्न होय.

प्रथम इंग्रजीचे पाहू. त्या शब्दांची व्यवस्था मोठी सुबक आहे. क्लिंक हा लहान, हलक्या आणि टणक वस्तूंचा आवाज. नाण्यास नाणे लागले, पेल्यास पेला लागला की तो होतो. क्लँक हा जड लोखंडाचा, पण लांबत नाही. साखळदंड फरशीवर पडला की आवाज होतो आणि तेथेच संपतो. क्लँग जड तर आहेच, शिवाय घुमणारा आहे. दरवाजा बंद झाल्यावरही काही क्षण कानात राहणारा. जिंगल म्हणजे अनेक लहान वस्तूंचा एकत्र गलबला. अर्थात वस्तू लहान की मोठी, आवाज तुटतो की घुमतो, आघात एक की अनेक, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर शब्द ठरतो. स्वरही त्या हिशेबाने चालतो: लहान वस्तूस ऱ्हस्व 'इ', मोठीस रुंद 'अॅ', आणि घुमणे दाखवावयाचे तर अखेरीस अनुनासिक.

आता मराठीकडे वळू. बांगड्यांची किणकिण होते, मोठ्या थोरल्या घंटेची होत नाही. म्हणजे ऱ्हस्व 'इ' आपल्याकडेही लहान वस्तूंच्या वाट्यास आलेली आहे. नाणी, टाळ आणि तलवारी यांची खणखण, ऐरणीवरील हातोड्याची आणि मोठ्या रिकाम्या भांड्याची ठणठण, शाळेच्या घंटेची टणटण, देवळातील जड घंटेची घणघण, झांजांची झणझण, घुंगरांची छुमछुम आणि पैंजणांची रुणझुण. हे झाले घुमणारे आवाज. ज्यांत वस्तू एकमेकींवर सैल आदळतात, त्या आवाजांत 'ण' जाऊन 'ळ' येतो: खिशातील सुटे पैसे आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतो, बेड्या खळखळतात. आणि ज्यात नाद मुळीच नाही, त्यासाठी एक आखूड, बसका, द्विरुक्तीवाचूनचा शब्द आहे: बद्द. खोटा रुपया बद्द वाजतो, तडा गेलेले भांडे बद्द वाजते. खणखण दोनदा म्हणावी लागते, कारण नाद परत येतो. बद्दमध्ये परत येण्यासारखे काही उरलेलेच नसते.

याखेरीज मराठीने व्याकरणातही एक सोय केलेली आहे. भांडे खण्‌कन पडले, म्हणजे एकदाच पडले. नाणी खणखण वाजली, म्हणजे आघात अनेक झाले. घंटा घणाणली, म्हणजे आघात कदाचित एकच असेल, परंतु नाद लांबत गेला. आणि सारा प्रकार मिळून जो कल्लोळ होतो तो खणखणाट. एका धातूच्या एका घावासाठी एक प्रत्यय, अनेकांसाठी द्विरुक्ती, लांबलेल्या नादासाठी निराळे क्रियापद आणि एकंदर प्रकारासाठी नाम! आमच्या कन्येच्या चार शब्दांस उत्तर द्यावयाचे तर अशी सगळी मांडणी पुढे ठेवावयास हवी होती. आम्ही तिच्या हातावर फक्त एक शब्द ठेवला.

ही संपत्ती प्रथम एकत्र मोजली ती एका परक्या माणसाने, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. कंपनी सरकारच्या सैन्यातील अधिकारी जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्याची पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. कँडी बंधूंचे आणि मराठी शास्त्रीमंडळींचे साह्य त्या कामास होते. त्या कोशात नादशब्दांना जितकी जागा मिळाली आहे तितकी नंतरच्या कित्येक शिष्ट लेखकांनी आपल्या लेखनातही त्यांस दिली नाही. एका मराठी शब्दापुढे इंग्रजी नादशब्दांची चांगली रांग लावून मोल्सवर्थसाहेब अर्थ पकडू पाहतात. ती रांग पाहिली की या शब्दांना एकास एक असा जोडीदार मिळत नाही, याची मूक कबुलीच तीत वाचावयास मिळते. मात्र या शब्दांपुढे त्यांनी जी खूण केली आहे, तिचा अर्थ 'अनुकरणात्मक' असा होतो. आपले वैयाकरणही त्यांस अनुकरणवाचक शब्दच म्हणतात. आमचा विनम्र मतभेद आहे तो एवढ्यापुरताच.

पोपट अनुकरण करतो. पण खणखणीत आणि बद्द या शब्दांत नुसती नक्कल नाही. त्यांत निवाडा आहे. खणखणीत म्हणजे खरे, बद्द म्हणजे खोटे. हे शब्द कानाने लिहिलेले शेरे आहेत. आणि आम्हां कारकुनांना शेऱ्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मराठी माणसास असे शेरे लिहिण्याची गरज का पडली, याचा शोध घेऊ लागले की हा प्रश्न भाषेचा न राहता इतिहासाचा होतो.

अठराव्या शतकातील एखाद्या मराठी व्यापाऱ्याच्या कसनीत किती प्रकारचे रुपये असत, याची आज कल्पना येणे अवघड आहे. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, मल्हारशाही, भोसल्यांचा नागपुरी. शिवाय जुने झिजलेले रुपये निराळेच. प्रत्येकाचे वजन थोडे कमीजास्त, प्रत्येकात मिसळ कमीजास्त, आणि म्हणून प्रत्येकास बट्टा निराळा. रुपया पुढच्या बाजारात नेला की त्याची किंमत बदले. आजही 'नावाला बट्टा लागणे' हा प्रयोग आपण करतो, तो याच व्यवहाराचा अवशेष होय.

आता यात एक मोठी गंमत आहे. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी आपल्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुढील शतकात मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेल्या चांदीच्या रुपयांवर बहुतेक दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. जो बादशहा स्वतःच मराठ्यांच्या आश्रयास आला, त्या शाहआलमच्या नावाने मराठी टांकसाळी रुपये पाडीत होत्या. कारण बाजारात लोकांना ती फारशी अक्षरे ओळखीची झालेली होती. याचा अर्थ असा की, नाणे वाचून काही उपयोग नव्हता. अक्षर दिल्लीचे, टांकसाळ चांदवडची आणि चांदी कोणत्या कसाची ते देव जाणे! डोळा जेथे फसतो तेथे कानास साक्षीला बोलवावे लागते. सराफ रुपया अंगठ्याने उडवी अथवा दगडावर टाकी आणि ऐके. चांगल्या चांदीचा रुपया वाजला की नाद लांबत जाई. आत तांबे घालून वरून चांदीचा मुलामा दिलेला, किंवा शिशाची भर घातलेला रुपया त्याच दगडावर बद्द वाजे. कारण शिसे मऊ असते, ते कंप गिळून टाकते, आणि दोन थरांमध्ये फट असली तर नाद तेथेच विरतो. सोन्याची पारख कसोटीच्या काळ्या दगडावर डोळ्यांनी होई, चांदीची मात्र अशी कानांनीही होई. पोतदार, सराफ, पारखी, टांकसाळे ही आडनावे आपल्यांत अद्याप आहेत. त्या घराण्यांच्या पूर्वजांच्या कानांवर बाजाराचा विश्वास उभा होता.

हा इतिहास पुण्याचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही. आम्ही जेथे बसून लिहीत आहो, त्या मुलखाचाही तो आहे. गोविंदपंत बुंदेले यांच्या वेळेपासून सागर हे मराठ्यांचे मोठे ठाणे झाले. पानिपतच्या संग्रामापूर्वी, डिसेंबर १७६० मध्ये पंत मारले गेले. तरी ठाणे टिकले. १७८१ साली सागरकर मराठ्यांनी गढामंडला घेतला आणि त्याबरोबर जबलपूर त्यांच्याकडे आले. १७९८ साली हा नर्मदाकाठ नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांकडे. म्हणजे छत्तीस वर्षांत या गावावर तीन अंमल झाले. सागरच्या मराठी टांकसाळीचा रुपया शाहआलमच्या नावाचाच असे. भोसल्यांचा नागपुरी रुपया निराळा. त्यामागून कंपनीचा आला. येथील वाण्यासमोर एकाच दिवशी हे तिन्ही रुपये पडले असतील तेव्हा त्याने कोणता अंमल खरा मानला असेल ते सांगवत नाही. पण रुपया दगडावर वाजवूनच घेतला असेल, याविषयी आम्हांस शंका नाही. त्याने 'खनखन' म्हटले असेल आणि शेजारच्या मराठी फडणिसाने 'खणखण'. निवाडा दोघांचा एकच.

१८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया केला: वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. बट्ट्याचा गोंधळ हळूहळू मिटला. तरी नाणे वाजवून घेण्याची सवय गेली नाही, कारण खोटी नाणी पाडणारे गेले नव्हते. नादाचा खरा अधिकार गेला तो पुढे शंभर वर्षांनी. १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ओढीत, रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली ती अजिबात जाऊन निकेलचा रुपया आला. १९५७ च्या एप्रिलपासून दशमान नाणी आली आणि १९९२ पासून स्टेनलेस पोलादाचा रुपया आला. नाण्याची किंमत त्यातील धातूवर न राहता सरकारच्या शब्दावर राहू लागली, तेव्हा ते वाजवून पाहण्यात अर्थ उरला नाही. नाणे गेले, मागे राहिला 'खणखणीत' हा शब्द. आज आपण खणखणीत आवाज म्हणतो, खणखणीत भाषण म्हणतो, माणसास खणखणीत नाणे म्हणतो. म्हणजे सराफाच्या दगडावरील परीक्षा आपण माणसांस लावतो.

'ठणठणीत' या शब्दाचा जन्म आमच्या मते निराळ्या दुकानात झाला: कासाराच्या. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांची मिसळ. शेकडा सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग तांबे आणि बावीस भाग कथील. हीच मिसळ घंटेची. म्हणून जेवणाचे कासे आणि देवळातील घंटा ही सख्खी भावंडे होत. या मिसळीत एक गुण आणि त्याचाच एक दोष आहे. ती फार कठीण, म्हणून उत्तम वाजते. आणि कठीण म्हणूनच ठिसूळ, आपटली तर तडकते. तडा पुष्कळदा इतका बारीक असतो की डोळ्यांस दिसत नाही. पण भांडे वाजविले की तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, कंप मोडतो आणि भांडे आपले दुखणे सांगते. म्हणून जुनी गृहिणी भांडे घेताना नुसते पाहत नसे. बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकत असे. जे अभंग असे ते ठणठण वाजे. या ठणठणीत भांड्याचे विशेषण पुढे प्रकृतीला लागले, आणि तापातून उठलेला मनुष्य 'ठणठणीत बरा' झाला. तड्यावाचूनचे भांडे आणि रोगावाचूनचे शरीर यांस मराठीने एकाच कानाने ऐकले. इंग्रजीत निरोगी आणि नाद या दोहोंस 'साउंड' हा एकच शब्द आहे खरा, परंतु तो योगायोग होय. एकाचे मूळ जर्मानिक, दुसऱ्याचे लॅटिन. मराठीत मात्र हे नाते जन्माचे दिसते.

परंतु ठणठण वाजण्यास भांडे अभंग असून भागत नाही. ते रिकामेही असावे लागते. भरलेली घागर वाजत नाही. हे दुसरे सत्यही भाषेने सोडले नाही. म्हणून विहीर कोरडी ठणठणीत पडते, महिनाअखेरीस आपल्या घरी ठणठणाट असतो, आणि ज्याच्यापाशी काही नाही तो ठणठणपाळ. जयवंत दळवी यांनी 'ललित' मासिकातील आपल्या सदरासाठी हेच नाव घेतले, तेव्हा साहित्यातील पुष्कळ भरल्या दिसणाऱ्या घागरींवर त्यांनी टिचकी मारून पाहिली. एका आवाजाचे दोन निवाडे: अभंग आणि रिकामा. केंद्र सरकारच्या कारकुनास वीस तारखेनंतर हे दोन्ही निवाडे एकाच वेळी लागू पडतात, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

धातूच्या आवाजाने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली आहे, आणि ती तर आपल्या नोकरीचे मापच होय. 'तास' हा शब्द मुळात काळाचा नव्हे; तो धातूच्या पात्राचा. फारसीत तास म्हणजे वाटी, पात्र. आपल्याकडे पाण्यावर सोडलेले भोक पाडलेले वाटीसारखे पात्र बुडाले की एक घटका होई. अशा साठ घटकांचा अहोरात्र, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. ती झाली हे सर्वांस कळावे म्हणून धातूच्या थाळीवर टोला देत. त्या थाळीसही तासच म्हणत. पुढे थाळी गेली, आणि टोल्यांमधील अवधीस तिचे नाव राहिले. हिंदीने याच कामासाठी 'घंटा' हा शब्द घेतला. म्हणजे कचेरीत आमचे हिंदी बंधू आठ घंटे काम करतात आणि आम्ही आठ तास. दोघेही धातूच्या नादाने आपला दिवस मोजतो, आणि तो नाद दोघांसही ऐकू येत नाही.

घंटेचा विषय निघालाच आहे, तर वसईचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधील मोठमोठ्या घंटा मराठी मुलखातील देवळांत आल्या. नाशिकास गोदाकाठी १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळातील घंटा अशीच आलेली असून, तिच्यावर १७२१ हा इसवी सनाचा आकडा आहे. भीमाशंकरासही तशी घंटा आहे. आपल्या सरदारांनी या घंटा वितळवून तोफा ओतल्या असत्या तरी त्या काळास ते शोभून गेले असते. कारण घंटेचा आणि पितळी म्हटल्या जाणाऱ्या तोफेचा धातू जवळचाच, केवळ कथिलाचे प्रमाण तोफेत कमी. पण ज्या घंटा टांगल्या गेल्या त्या टांगल्याच राहिल्या. परक्या देशाच्या रीतीने ओतलेला तो नाद मराठी कानांनी ऐकला आणि त्यास आपलाच शब्द दिला: घणघण. खऱ्या धातूस भाषा परकी मानीत नाही.

जबलपुरास तर लोखंडाचे गाव म्हणावे लागेल. येथे १९०४ साली तोफांचे गाडे बांधण्याचा कारखाना निघाला. त्याच्याही आधी, १८६७ साली अलाहाबादेकडून आगगाडी येथवर आली आणि मार्च १८७० मध्ये मुंबईकडचा लोहमार्ग येऊन तिला मिळाला. मुंबई आणि कलकत्ता यांची गाठ या गावात पडली. ज्यांनी जुना रेल्वेप्रवास केला आहे त्यांस आठवत असेल की, गाडी मोठ्या स्थानकात थांबली की रात्री-अपरात्री एक मनुष्य लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक चाकास एकेक ठोका देई. ठण्‌, ठण्‌, ठण्‌ असा आवाज येत राही तोवर तो पुढे जाई. एखाद्या चाकातून तो नाद आला नाही की थांबे. अर्धवट झोपेत ऐकलेला तो आवाज आम्हां मुलांना निरर्थक वाटे. आज समजते की, चांदवडी रुपया दगडावर टाकणारा सराफ, वाटीस टिचकी मारणारी आजी आणि कंदील घेऊन चाके ठोकीत जाणारा तो रेल्वेचा मनुष्य या तिघांचे शास्त्र एकच होते. अखंड धातू बोलतो, भंगलेला बोलत नाही.

आता चाकांचे आणि आसांचे तडे यंत्राने पाहतात. ते यंत्रही ध्वनीच वापरते, परंतु तो इतका सूक्ष्म की माणसाच्या कानास ऐकू येत नाही. निवाडा पूर्वीपेक्षा अचूक होतो, यात संशय नाही, आणि प्रवाशाच्या जिवाचा प्रश्न असता जुन्या हातोडीसाठी हळहळणे वेडेपणाचे ठरेल. पण त्या ध्वनीला कोणत्याही भाषेत खणखण-ठणठणीसारखे नाव नाही, आणि असणारही नाही. कारण तो कोणी ऐकलेलाच नाही. बाजारातही तेच. परवा गोल बाजारात आम्ही भाजी घेतली. पैसे फोनमधून गेले आणि भाजीवाल्याच्या टोपलीशेजारील लहानशा पेटीने इतके रुपये मिळाले म्हणून खड्या आवाजात सांगितले. पूर्वी रुपया स्वतःची साक्ष स्वतः देई. आता त्याच्या वतीने पेटी साक्ष देते. सोय मोठी आहे. पण रुपया वाजला नाही.

शब्द मरतात ते परप्रांती गेल्यामुळे, असे आपण समजतो आणि मुलांस दोष देतो. आम्हांस आता तसे वाटत नाही. पुण्यातील मुलासही आज रुपया वाजवून घ्यावा लागत नाही, आणि आमच्या जबलपूरच्या मुलीलाही नाही. शब्दामागील निवाडा करण्याचे काम उरले नाही की शब्द शेऱ्यावाचूनच्या कागदासारखा होतो. असतो, पण चालत नाही. तेव्हा ते शब्द मुलांच्या वहीत लिहून देण्याने टिकणार नाहीत. ज्या कामासाठी ते जन्मले, ते काम थोडेसे का होईना, मुलांच्या हाती दिले पाहिजे.

म्हणून एका रविवारी आम्ही माळ्यावरील ट्रंक खाली काढली. बदल्यांच्या प्रवासात ती कित्येक वर्षांत उघडली गेली नव्हती. आतून एक पितळेची परात, एक तांब्या, काशाच्या दोन वाट्या आणि आजोबांच्या वेळचा चांदीचा एक रुपया निघाला. कन्येस पाठ फिरवून बसविले आणि एकेक वस्तू वाजवून, कोणता आवाज, ते ओळखण्यास सांगितले. रुपयास ती पहिल्याच खेपेस 'खणखण' म्हणाली, आणि यावेळी 'ण' स्पष्ट होता. आम्ही सांगितला म्हणून नव्हे, तो रुपयातच ऐकू येत होता. परात ठणठणली. पहिली वाटी किती वेळ नादत राहिली ते तिने बोटांवर मोजले. दुसरी वाटी आम्ही वाजविली आणि ती गप्प राहिली. वाटी दिसण्यास पहिलीसारखीच होती. दोन्ही एकाच जोडीच्या, आमच्या आईच्या लग्नातल्या. आम्ही पुन्हा टिचकी मारली.

"बाबा, ही बरी नाही," ती म्हणाली.

खिडकीशी नेऊन उजेडात पाहिले, तेव्हा काठापासून खाली गेलेली केसाएवढी रेघ दिसली. आमची आई ती वाटी घेऊन तीन गावे फिरली होती आणि तडा केव्हा गेला ते आम्हां कोणास कळले नव्हते. आम्ही कन्येस 'बद्द' हा शब्द सांगितला. तो तिने वहीत लिहून घेतला नाही. वाटी हातात घेऊन दोनदा वाजवून पाहिली.